मिडब्रेन झोपलेला असतो का?

उंटावरचा_शहाणा: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'ची जाहिरात फिरतेय. झोपलेला मिडब्रेन जागा करून देणार म्हणे. वय ५ ते १५, दोन रविवार, फी पाच आकडी. मग म्हणे पोरगं डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचणार! माझ्या मते ही उघड फसवणूक आहे, आणि बंदी यायला हवी. मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू, ब्रेनस्टेमचा, म्हणजे मेंदूच्या देठाचा वरचा, जेमतेम दोन सेंटिमीटरचा तुकडा. डोळे फिरवणं, उजेड पडला की बाहुली आकसणं, आवाज आला की तिकडे मान वळणं, हे त्याच्या जिवावर चालतं. 'सब्स्टॅन्शिया नायग्रा' तिथलीच. तिथल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत गेल्या की पार्किन्सन्स होतो. ज्याचा मिडब्रेन खरोखर बंद पडतो त्याला आयसीयूत न्यावं लागतं, क्लासला काय पाठवता!

दोन_पोरांची_आई: आम्ही मोठीला पाठवलं होतं. चारचौघांत तोंड उघडत नव्हती, आता गॅदरिंगमध्ये निवेदन करते. नाव चुकीचं असेल हो, पण फरक दिसतोय त्याचं काय? आणि सरावाने मेंदू बदलतो हे शास्त्रज्ञच सांगतात. लंडनच्या टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या रस्ते-आठवणी सांभाळणाऱ्या भागाचा, मागचा भाग मोठा आढळला होता ना, २००० साली?

उंटावरचा_शहाणा: आढळला. पण ते लोक हजारो रस्ते पाठ करण्यात वर्षं घालवतात, दोन रविवार नाही. आणि त्याच अभ्यासात त्यांचा पुढचा भाग इतरांपेक्षा लहान निघाला, ते कुणी सांगत नाही. राहिली पट्टी. नाकाशेजारी फट राहते, त्यातून खाली धरलेलं पान दिसतं. अंनिसचे कार्यकर्ते ही चलाखी कधीपासून दाखवताहेत. पुस्तक डोक्यामागे धरा, वाचन संपलं. मला राग फीचा नाही. पोराला फटीतून दिसतंय हे त्याला ठाऊक असतं, समोर आईबाप टाळ्या वाजवत असतात, मग ते बिचारं खरं कसं बोलणार?

फळा_खडू: बंदीने काय होणार? मुळात पालक फसतात ते आम्हा शिक्षकांमुळे. आकृती काढा, नावं द्या, प्रत्येक नावापुढे एक काम लिहा, दोन गुण घ्या. अनुमस्तिष्क, म्हणजे डोक्यात मागे खाली असलेला छोटा मेंदू, म्हणजे तोल, विषय संपला. मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्जांच्या आसपास त्या अनुमस्तिष्कात आहेत. एवढा फौजफाटा नुसता तोल सांभाळायला? भाषा, विचार यांतही त्याचा हात आहे. मेंदूशास्त्रज्ञ स्पेरींना १९८१चं नोबेल मिळालं ते दोन गोलार्ध जोडणारा पूल कापलेल्या रुग्णांवरच्या कामासाठी. बाजाराने त्याचं 'डावा हिशेबी, उजवा कलाकार' करून टाकलं. एकदा मेंदू म्हणजे खणाखणांचं कपाट हे डोक्यात बसलं, की बंद खण उघडून देणारा दुकानदार येणारच.

फिजिओ_सातारा: सर, थोडं थांबा. खण खोटे नाहीत. माझ्याकडे मेंदूच्या डाव्या बाजूच्या स्ट्रोकचे पेशंट येतात. उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली. उजव्या बाजूच्या स्ट्रोकमध्ये बोलणं बहुधा शाबूत, पण काही जण ताटातला डाव्या हाताचा भात तसाच ठेवतात, तो त्यांच्या लक्षातच येत नाही. १८६१ साली फ्रेंच डॉक्टर ब्रोकांचा पेशंट सगळं समजून फक्त 'तान' म्हणायचा, तिथून हे सुरू झालं. 'सगळं सगळीकडे असतं' असं शिकवलंत तर पोरांच्या हाती काहीच लागणार नाही.

फळा_खडू: तोच मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलाय. २००७ साली त्याच्या एमआरआयचे निष्कर्ष आले, तर इजा ब्रोकांनी बोलण्याची म्हणून दाखवलेल्या जागेपुरती नव्हतीच, आत खोलवर गेली होती. जागा आहेत, मान्य. पण त्यांना जोडणाऱ्या तारा आमच्या आकृतीत कुठेच नसतात.

फिजिओ_सातारा: तारा नववीला नकोत. आधी जागा पक्क्या होऊ देत.

उंटावरचा_शहाणा: विषय भरकटला. ताई, एक कराल? पोहण्याच्या गॉगलला आतून काळा कागद चिकटवा आणि तो घालून मुलीला वाचायला सांगा.

दोन_पोरांची_आई: नाही करणार. फट दिसत असेल तर ते तिला माहीतच आहे, मी घरात तिची उलटतपासणी घेणार नाही. निवेदनाची भीती गेली ती तिथे दर वेळी दहा जणांसमोर उभं केलं म्हणून, एवढं मला कळतं. धाकट्याचं नाव घातलं होतं, ते काढलंय. नाट्यशिबिराची फी अर्धी आहे.