मदत हवी आहे: डोअरबेल कॅमेरा, पण फुटेज बाहेर जाणार नाही असा

मृद्गंध
घाईत लिहितेय. दारावर लावायचा बेलवाला कॅमेरा हवाय. फुटेज कंपनीच्या सर्व्हरवर जायला नको, दर महिन्याचे पैसे नकोत. शनिवारी पुण्याला जातेय, तेव्हाच बसवून यायचंय. नेमकं मॉडेल सांगा. गूगल करून झालंय, तिथे जो तो आपलंच विकतोय.

वायरमन
घर भाड्याचं की स्वतःचं? वायफाय आहे? आत्ताची बेल कसली? मोबाइलवर बघायचंय की घरातल्या घरात? एवढं कळल्याशिवाय मॉडेल कसं सांगणार?

कांदेपोहे
आम्ही न्यू जर्सीत बरीच वर्षं रिंग कंपनीचा डोअरबेल कॅमेरा वापरतोय. झकास. पार्सल पळवणारा शेजारचाच पोरगा निघाला, व्हिडिओत स्पष्ट दिसला. डोळे मिटून घ्या.

शंकेखोर
@कांदेपोहे, सर्व्हरवर नको म्हणतायत त्या, आणि तुम्ही रिंग सांगताय? कर्मचारी आणि कंत्राटदार ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघू शकत होते, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये याच कंपनीवर ठेवला होता. ५८ लाख डॉलर भरून मिटवावं लागलं.

कांदेपोहे
जुनी गोष्ट. आता एंड टू एंड एन्क्रिप्शन आहे, म्हणजे व्हिडिओ आपल्याशिवाय कोणालाच, कंपनीलाही, उघडता येत नाही.

शंकेखोर
आहे, पण ते आपण होऊन चालू करावं लागतं, आणि केलं की बाकीच्या बऱ्याच सोयी बंद पडतात. तुमच्याकडे चालू आहे का?

मी_नाशिककर
भांडू नका. युफी कंपनीचा घ्या, सगळं घरातल्याच डब्यात साठतं.

शंकेखोर
तेही असंच सांगत होते. नोटिफिकेशनबरोबर येणारे छोटे फोटो क्लाउडवर, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरवर जातात, हे २०२२ च्या नोव्हेंबरात बाहेर आलं. खोक्यावर काय छापलंय ते सोडा. राउटरमधून त्या कॅमेऱ्याचं इंटरनेट तोडा, तरी रेकॉर्डिंग होत राहिलं आणि घरच्या वायफायवर दिसलं, तर तो खरा घरातला.

मी_नाशिककर
आता सरकारी सर्टिफिकेट लागतं ना पण? एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीला सक्तीचं आहे.

वायरमन
ते कॅमेऱ्यात बाहेरून सहज घुसता येऊ नये म्हणून. कंपनी स्वतः तुमचं फुटेज कुठे ठेवते याच्याशी त्याचा संबंध नाही. मृद्गंध ताई, माझे प्रश्न तसेच आहेत.

मृद्गंध
आईबाबांचं घर, कोथरूड, तिसरा मजला, स्वतःचं. दोघंच असतात. बेल साधी, नेहमीची. वायफाय नाही, बाबांच्या फोनचं नेट असतं. मी हैदराबादला. आणि समोरच्यांनी सेक्रेटरीकडे लेखी तक्रार दिलीय, म्हणून घाई.

वायरमन
कसली तक्रार? कॅमेरा अजून लागलाच कुठेय?

मृद्गंध
दिवाळीत एक सिमकार्डवाला लावला होता, आता काढलाय. समोरचं दार चार-पाच फुटांवर आहे. त्यांच्याकडे कोण येतं-जातं ते आम्ही बघतो, असं त्यांचं म्हणणं. कोणाला वेळ आहे बघायला!

निशाचर
आयटी ॲक्टचं ६६ई लागेल. वेळीच सावध व्हा.

शंकेखोर
काहीही! ६६ई संमतीशिवाय माणसाच्या शरीराच्या खासगी भागांची चित्रं टिपण्याबद्दल आहे, जिन्याबद्दल नाही. उगाच घाबरवू नका.

निशाचर
मग डेटा संरक्षण कायदा आहे की.

शंकेखोर
२०२३ चा? घरगुती कामासाठी कोणी व्यक्तिगत पातळीवर माहिती वापरली, तर त्याला तो लागू नाही. अर्थात म्हणून शेजाऱ्याच्या दारात कॅमेरा रोखून बसावं असं नाही.

सातासमुद्रापार
इंग्लंडात अशीच केस झाली होती, २०२१ मध्ये, ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात. शेजाऱ्याच्या डोअरबेल आणि कॅमेऱ्यांवरून एक बाई कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. न्यायाधीशांना चित्रापेक्षा आवाजाचं रेकॉर्डिंग जास्त खटकलं, कारण लांबचं बोलणंही टिपलं जात होतं. तिथला कायदा इथे चालत नाही, पण काहीही लावलंत तरी आवाज आधी बंद करा.

मी_नाशिककर
आमच्या सोसायटीच्या गेटवर ॲप आहे. कोण आलं ते फोनवर विचारतात. दारावर कॅमेरा लागतोच कशाला?

कांदेपोहे
आणि त्या ॲपमध्ये तुमच्या कामवाल्या मावशींचा फोटो आणि येण्याजाण्याच्या वेळा असतात, ते चालतं वाटतं?

शंकेखोर
हे मात्र पटलं. मृद्गंध, आईबाबांना तरी विचारलंय का? एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात कोलकाता हायकोर्टाने सांगितलं की, राहत्या भागात बाकीच्यांच्या संमतीशिवाय कॅमेरे नकोत. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. तुमचा दाराबाहेर आहे, मान्य, पण तिथून रोज ये-जा त्यांचीच होणार.

वायरमन
कोर्टकचेऱ्या झाल्या असतील तर कामाचं सांगतो. वायफाय नाही, समोर दार, घरात दोन म्हातारी माणसं. व्हिडिओ डोअर फोन घ्या, साधा, वायरवाला. बाहेर बटण आणि कॅमेरा, आत हॉलमध्ये सात इंची स्क्रीन. इंटरनेट लागतच नाही. बेल दाबली की चित्र दिसतं, एरवी बंद. दहा हजारांच्या आत सेट येतो. मेमरी कार्डवाला घेतलात तर मोशन रेकॉर्डिंग बंद ठेवा. बाहेरचा डबा तिरक्या पट्टीवर बसवा, म्हणजे समोरचं दार चौकटीबाहेर जाईल. आणि बसवून झाला की त्यांना घरी बोलावून स्क्रीन दाखवा. निम्मी भांडणं तिथेच संपतात.

एक महत्त्वाचं. ऑनलाइन दिसणारे बरेचसे वायरवाले डोअरबेल कॅमेरे अमेरिकेतल्या वायरिंगसाठी, १६ ते २४ व्होल्टवर चालणारे. आपल्या बेलला सरळ २३० येतो. जुन्या वायरला तसाच जोडलात तर तो जळेल, आणि हाताळणाऱ्याला शॉक बसेल तो वेगळा.

मृद्गंध
पण मग मला हैदराबादहून दिसणार नाही.

वायरमन
नाही दिसणार. ते हवं असेल तर वायफाय, ओएनव्हीआयएफवाला (म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरलाही जोडता येणारा) कॅमेरा, घरात छोटा रेकॉर्डर आणि बाहेरून बघायला व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट. शनिवारी एका दुपारचं काम नाही ते.

निशाचर
रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर फ्रिगेट हे कॅमेरा रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाका. फुकट.

वायरमन
आणि बंद पडलं की बाबांनी टर्मिनल उघडून कमांड टाइप करायच्या का?

मृद्गंध
आत्ताच फोन केला. आईचे गुडघे दुखतात, तिला सोफ्यावरून दारात कोण आहे ते दिसलं की झालं. बाबांना कॅमेराच नकोय, 'समोरच्यांकडे चहाला जाता येत नाही' म्हणाले. डोअर फोनच घेते. भिंत फोडावी लागेल का?

मी_नाशिककर
इलेक्ट्रिशियनचा नंबर इथेच टाका कोणीतरी, मलाही हवाय.

वायरमन
नंबर इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. ताई, दाराची चौकट लाकडी की ग्रॅनाइटची? लाकडी असेल तर कडेने केसिंग पट्टीतून वायर आत जाते, भिंतीला हात लावायला नको.