अनुभव धागा: मुंग्यांतून चित्र कसं काढलंत?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्रावरून पुण्याला चित्र दिसू लागलं. जे लांब होते, डोंगराआड होते, ज्यांच्या पडद्यावर चित्राऐवजी नुसते वळवळणारे ठिपके, म्हणजे मुंग्या दिसायच्या, त्यांनी गच्चीवर आणि कौलांवर जे प्रयोग केले, ते कुठेच नोंदले गेले नाहीत याची मला फार हळहळ वाटते. तुमचा अनुभव तपशिलात लिहा.

वाई तालुका
सिंहगड आमच्या उत्तरेला, मध्ये मांढरदेवाचा डोंगर. कौलांवर अँटेना लावला की नुसत्या मुंग्या. आबांनी तो खळ्याच्या टोकाला, डोंगरापासून आणखी दूर नेला आणि माणसांचे चेहरे ओळखू यायला लागले. पायथ्याशी डोंगराची आड जास्त. माथ्यावरून वाकून येणाऱ्या लहरी जरा मागे सरकल्यावर सापडतात. अँटेनाच्या पाईपवर आणि खालच्या कॉलरवर (पाईप ज्यात बसतो ती कडी) आबांनी तांबड्या ऑइलपेंटची एकेक रेघ ओढली होती. वाऱ्याने अँटेना फिरला की पान्हा घेऊन दोन्ही रेघा जुळवायच्या.

दादर
दूरदर्शनचा वरळीचा मनोरा गच्चीतून दिसायचा, तरी प्रत्येक चेहऱ्याला शेजारी सावली! समोरच्या इमारतीवर आपटून सिग्नल उशिरा पोचायचा. अँटेना कठड्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेला, सावली गेली.

टीव्ही दुरुस्ती करायचो
बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारी डबी, टीव्हीच्या पाठीमागे लावू नका, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो. वायरीतून खाली येईपर्यंत सिग्नल गळतो. मग बूस्टर मुंग्याही तेवढ्याच मोठ्या करतो. तो वर, खांबावरच हवा. आणि त्याआधी वायर बघा. ३०० ओहमची फ्लॅट वायर पत्र्याला टेकली किंवा उन्हाने तडकून आत पाणी गेलं, की भारीतला अँटेनाही फुकट.

रत्नागिरी
एप्रिल-मेच्या उकाड्यात, वारा पडलेला असताना, आपलं केंद्र बाजूला राहायचं आणि पडद्यावर अरबी अक्षरं उमटायची. आखातातलं केंद्र, समुद्रापलीकडून! पाण्यालगत दमट गार हवा, वर कोरडी गरम. त्या दोन थरांमध्ये लहरी अडकतात आणि शेकडो किलोमीटर वाहत येतात. अख्खी आळी अंगणात जमायची. पावसाळा लागला की हे बंद.

न्यू जर्सी
इथे २००९ पासून मोठी केंद्रं पूर्ण डिजिटल, त्यामुळे मुंग्या नाहीतच: चित्र एकतर स्वच्छ, नाहीतर चौकोन पडून गोठलेलं. न्यूयॉर्कची बरीच केंद्रं आता यूएचएफवर, म्हणजे आखूड लहरींच्या पट्ट्यात आहेत, पण ७ नंबरचं अजून व्हीएचएफवर, म्हणजे जास्त लांब लहरींच्या पट्ट्यातच आहे आणि भिंतीला चिकटवायच्या चपट्या अँटेनाला ते नीट पकडता येत नाही. मी जुन्या पद्धतीचा दोन दांड्यांचा अँटेना आणला, प्रत्येक दांडी साधारण ४२ सेंटीमीटर ओढली, म्हणजे त्या लहरीच्या पाव लांबीइतकी, आणि तो पूर्वेच्या खिडकीत ठेवला. माळ्यावर ठेवणार असाल तर आधी तिथलं इन्सुलेशन बघा. त्याला चंदेरी फॉइल असेल तर सिग्नल तिथेच अडतो.