छातीतला ‘कट्ट’ आवाज अंगावर काढू नका
वर एका ताईंनी विचारलंय, की बायपासनंतर पाचव्या आठवड्यात वडिलांच्या छातीत कूस बदलताना ‘कट्ट’ वाजतं. त्यावर कुणीतरी ‘तारा बसतायत, होतं तसं’ म्हटलंय. मला नाही पटलं. आमच्या चोपड्याच्या आप्पांचं असंच झालं होतं. छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. ते सांधायला 6 ते 8 आठवडे तरी लागतात, पुरतं घट्ट व्हायला त्याहून जास्त. आप्पा महिन्याभरातच मळ्यात गेले आणि केळीचा घड उचलला. “काही व्हत नही” म्हणे! त्यात मधुमेह, वर बिडीचा जुना खोकला. खोकले की टाक्यांच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलायच्या, हात ठेवला की कळायचं. चार दिवसांनी बनियनवर पिवळसर डाग. आत जंतुसंसर्ग, पुन्हा ऑपरेशन, सफाई, नव्या तारा, अँटिबायोटिक.

तेव्हा ताई, आजच सर्जनना फोन करा. ताप किंवा पू असेल तर थेट न्याच. तोवर खोकताना उशी छातीशी कवटाळायची, उठताना हातांवर जोर नाही. आमच्याकडे गोधडीची घडी होती, तीही चालली.