मदत हवी आहे: जर्मन पलटणींच्या इतिहासाची दोन खोके पुस्तकं, शनिवारपर्यंत ठरवायचंय

नेकारकाठ
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. खालच्या मजल्यावरचे आजोबा गेल्या महिन्यात वारले. त्यांची मुलगी घर रिकामं करतेय आणि शनिवारी सामान उचलणारे येणार आहेत. तळघरात दोन खोके भरून सैन्याच्या तुकड्यांच्या इतिहासाची पुस्तकं निघाली. ती म्हणाली, तुला आवड आहे, हवं ते घे, बाकीचं रद्दीत जाईल. आमचं घर लहान, बायकोला सातवा महिना, त्यामुळे एकच खोका वर आणता येईल. काय ठेवू? कशाला किंमत आहे? जर्मन बोलता येतं, पण ही जुनी छपाई वाचवत नाही. कृपया नेमकं सांगा.

जुनेपान
कोणतं युद्ध? पहिलं की दुसरं? हे न सांगता कुणीही काही सांगू शकणार नाही. प्रत्येक पुस्तकाचं शीर्षकाचं पान उघडा आणि प्रकाशक, गाव, साल लिहा. मागच्या पुठ्ठ्याच्या आत नकाशांचा खिसा आहे का, तेही बघा. नकाशे गेले असतील तर संग्राहकाच्या लेखी निम्मं पुस्तक गेलं.

वाशीकर
पुण्याला पाठवायचं असेल तर विमानाने अजिबात पाठवू नका. पुस्तकांचं वजन भयंकर होतं. माझ्या मेव्हण्याने हॅम्बुर्गहून बोटीने पाठवली होती, तीन महिने लागले पण सगळी सुखरूप आली. खोक्याला आतून प्लास्टिक लावा, पावसाळ्यात बंदरावर ओल धरते.

नेकारकाठ
वाशीकर, मी पुण्याला काही पाठवत नाहीये. मी स्टुटगार्टला राहतो, ते लिहायचं राहिलं.
जुनेपान, दोन्ही युद्धांची आहेत. आत्ता तळघरात उभा राहून लिहितोय:
अकरा पुस्तकं एकाच मालिकेतली, व्युर्टेम्बेर्गच्या रेजिमेंट्स महायुद्धात, प्रकाशक बेल्झर, स्टुटगार्ट, १९२० च्या दशकातली. दोन पातळ, ओल्डेनबुर्गच्या श्टालिंगची. सहा जाड, १९५० नंतरची, डिव्हिजनचे इतिहास, त्यात ७८ आणि ३०५ हे आकडे दिसतात. टंकलिखित पत्रकांचा एक गठ्ठा. शिवाय हाताने लिहिलेली एक वही आणि काही पत्रं. वहीतलं एक अक्षर कळत नाही, ती सोडून देतोय.

रेवा_फ्रायबुर्ग
वही सोडू नका! पत्रं पाकिटांसकट ठेवा. पाकीट फेकून नुसतं पत्र ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, जीव तुटतो. दुसऱ्या महायुद्धातल्या पाकिटावर पाच आकडी फेल्डपोस्ट (सैनिकी टपाल) क्रमांक असतो. त्यावरून माणूस कोणत्या तुकडीत होता ते काढता येतं. छापील पुस्तक दुसरीकडे मिळेल, ही वही जगात एकच आहे.

भीमथडी
१९५० नंतरची सहाही सरळ रद्दीत द्या. माजी सैनिकांच्या मंडळांनी स्वतःसाठीच लिहिलेली असतात. आम्ही शूर, हवा वाईट, हिटलरने ऐकलं नाही, एवढंच त्यात. कैद्यांचं काय झालं, गावांचं काय झालं, यावर एक ओळ नसते. वाफेन एसएसवाल्यांच्या, म्हणजे नाझींच्या एसएसच्या लढाऊ दलातल्या माजी सैनिकांच्या संघटनेने, हियागने, तर हे काम ठरवून केलं, त्यांचं ओस्नाब्रुकला मुनिन नावाचं प्रकाशनच होतं. असलं कपाटात ठेवून काय मिळणार?

जुनेपान
भीमथडी, तुमचा राग समजतो, पण रद्दीचा सल्ला चुकीचा आहे. ही पुस्तकं ज्यांनी लिहिली ते तिथे होते. कुठली बटालियन कुठल्या रात्री कुठल्या पुलावर होती, कोण कंपनी कमांडर होता, हे त्यात सापडतं. खोटं कुठे आहे ते ओळखायला शिकायचं. मी तीस वर्षं गोळा करतोय.

भीमथडी
तीस वर्षं गोळा केलंत, म्हणून त्यातलं मौन भरून निघत नाही. एक उदाहरण देतो. इटलीत उंब्रियामध्ये गुब्बिओ नावाचं गाव आहे. २२ जून १९४४ ला तिथे ४० नागरिकांना गोळ्या घातल्या, जर्मनांच्या ११४ व्या येगर (हलकं पायदळ) डिव्हिजनच्या लोकांनी. अशा दिवसांबद्दल ‘टोळ्यांविरुद्ध कारवाई’ एवढेच शब्द असतील, तर त्या पुस्तकाला इतिहास म्हणायचं?

दापोलीचा_बाळू
उंब्रियाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. माझे आजोबा ३/५ मराठात, म्हणजे पाचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते, तिथेच, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. १० जुलै १९४४ ला नाईक यशवंत घाडगे तिथे पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, तरी ते एकटे मशीनगनवर चालून गेले. पळसगावचे, आमच्याच कोकणातले. आजोबा इटलीबद्दल फार बोलत नसत. पण घाडगेंचं नाव निघालं की उठून उभे राहत. गुब्बिओ तिथून इतकं जवळ आणि अठराच दिवस आधी, हे मला आज कळलं.

वाशीकर
बाळू, १/५ मराठाचे नामदेव जाधवही विसरू नका. ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनिओ नदी, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. निमजचे, नगर जिल्ह्यातले. ते जिवंत परतले.

नेकारकाठ
बाळूदादा, आजोबांना नमस्कार. पण मंडळी, आज गुरुवार आहे. मला शनिवारी सकाळी खोका उचलायचाय. कृपया पुस्तकांवर या.

रेवा_फ्रायबुर्ग
येते. मी इथल्या लष्करी अभिलेखागारात वाचायला जाते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी हे समजून घ्या की सगळ्या रेजिमेंट-इतिहासांचं वजन सारखं नाही. १४ एप्रिल १९४५ च्या रात्री पॉट्सडामवर बॉम्ब पडले आणि तिथल्या सैन्य-अभिलेखागारात प्रशियाच्या सैन्याची बहुतेक कागदपत्रं जळाली. म्हणून प्रशियन रेजिमेंटचा १९२०-३० मधला छापील इतिहास हाच कित्येकदा उरलेला एकमेव सलग पुरावा असतो. लिहिणाऱ्यासमोर तेव्हा मूळ युद्ध-रोजनिशी होती, आपल्यासमोर ती नाही. तुमची ओल्डेनबुर्गची दोन पातळ पुस्तकं बहुधा या जातीची आहेत. दिसायला गरीब असली तरी ती आधी उचला.

व्युर्टेम्बेर्गचं उलट आहे. त्यांचे कागद वाचले आणि ते तुमच्याच गावात, हाउप्टश्टाट्सआर्खिव्हमध्ये (सरकारी अभिलेखागारात) आहेत. म्हणजे बेल्झरच्या पुस्तकातला एखादा दिवस उघडायचा आणि त्याच दिवसाची मूळ रोजनिशी शेजारी ठेवून ताडून बघायचं. लेखकाने काय गाळलं हे तेव्हाच कळतं. एकदा केलंत की पुढचं प्रत्येक पुस्तक वेगळ्या नजरेने वाचाल. अकराही नकोत, पण १२५ असेल तर ठेवा. ती स्टुटगार्टची पलटण, २६ व्या डिव्हिजनमधली. ऑक्टोबर १९१४ अखेर ही डिव्हिजन बेल्जियममधल्या मेसीनवर चालून गेली आणि त्याच टापूत समोर आपली, म्हणजे ब्रिटिश हिंदी सैन्यातली, ५७ वी वाइल्ड्स रायफल्स पलटण होती.

आकड्यांनी फसू नका. ग्रेनेडियर ११९, रिझर्व्ह ११९ आणि लांडवेअर (वयस्क राखीव सैनिकांची) ११९ या तीन वेगळ्या पलटणी आहेत. पुठ्ठ्यावर नुसता ११९ दिसला तर आतलं पूर्ण नाव वाचा.

३०५ बद्दल. बोडनझे सरोवराच्या भागातली ही डिव्हिजन स्टालिनग्राडला संपली. त्याच आकड्याने पुन्हा उभी केली आणि इटलीला पाठवली. माणसं जवळजवळ सगळी नवी. पुस्तक मात्र ‘आमची डिव्हिजन’ म्हणत एकाच दमात दोन्ही गोष्टी सांगतं. लेखक कोणत्या अर्ध्यात हजर होता, हे प्रस्तावनेत शोधा. दुसऱ्या अर्ध्यावर तो ऐकीव लिहीत असतो.

भीमथडी, मौनाबद्दल तुम्ही बरोबर आहात. पण ते मौन दाखवून द्यायला पुस्तक हातात लागतं. १९४१ च्या उन्हाळ्यावर, म्हणजे रशियावरच्या चढाईवर, किती पानं आहेत, कैदी आणि गावकरी कोणत्या शब्दांत येतात, हे मी सगळ्यात आधी बघते. दुसऱ्या युद्धाच्या डिव्हिजन-कागदपत्रांपैकी बरंच इथे फ्रायबुर्गला आहे, अमेरिकनांनी मायक्रोफिल्मही केलंय. ताडून बघता येतं.

जुनेपान
रेवाताईंशी सहमत, एक सोडून. बेल्झरची अकराही ठेवा! सलग मालिका मोडू नका. नंतर एकेक खंड शोधताना नाकी नऊ येतात.

रेवा_फ्रायबुर्ग
काका, त्यांच्याकडे एकच खोका आहे आणि घरात बाळ येतंय. हे खंड ग्रंथालयात आरामात वाचायला मिळतात.

साताऱ्याची_माहेरवाशीण
नाझी चिन्ह असलेलं काही असेल तर जर्मनीत पकडत नाहीत ना? माझ्या मुलाने बाजारातून जुनं मासिक आणलं तेव्हापासून मला धास्ती आहे.

रेवा_फ्रायबुर्ग
ताई, घरात ठेवणं गुन्हा नाही. ती चिन्हं जाहीर दाखवणं किंवा वाटणं याला जर्मन दंडसंहितेचं कलम ८६अ लागतं, आणि इतिहास, संशोधन, शिक्षण यांना त्यात सूट आहे. विकायला फोटो टाकताना विक्रेते ते चिन्ह झाकतात. मुलाला रागावू नका.

दख्खनी_घोडा
खोक्यात इंडियन लीजनचं काही आहे का? जर्मन सैन्यातली भारतीयांची ९५० वी रेजिमेंट, नेताजींची माणसं. हॉलंडला होती, मग फ्रान्समध्ये लाकानोला. ऑगस्ट १९४४ मध्ये वाफेन एसएसकडे वर्ग झाली. यावर मराठीत कुणी नीट लिहीत नाही.

नेकारकाठ
९५० कुठे दिसला नाही. टंकलिखित पत्रकांबद्दल कुणीच बोललं नाही. वर ‘रुंडब्रीफ’ असं लिहिलंय. किंमतही कुणी सांगितली नाही.

जुनेपान
किंमत बघायची तर विक्रेते काय मागतात ते बघू नका, विकलं कितीला गेलं ते बघा. मागितलेल्या किमतीत वर्षानुवर्षं पडून असलेली पुस्तकं मी पाहिली आहेत. नकाशे, मूळ वेष्टण आणि मृतांची यादी या तिन्हींवर भाव ठरतो.

भीमथडी
रुंडब्रीफ म्हणजे त्या मंडळांची आपसातली पत्रकं. ही मात्र ठेवा, मीही म्हणतो. पुस्तक लिहिताना माणसं सावध असतात. एकमेकांना लिहिताना कधी कधी खरं बोलून जातात. कोण कुणावर चिडलंय, कोण मेळाव्याला येईनासं झालं, ते यातच कळतं.

रेवा_फ्रायबुर्ग
+१. आणि घरात जागा नसेल तर स्टुटगार्टलाच बिब्लिओथेक फ्युअर त्साइटगेशिष्टे आहे, १९१५ साली महायुद्धाचं ग्रंथालय म्हणून सुरू झालेली. गठ्ठ्याचे फोटो काढून त्यांना विचारा. शनिवारच्या आत उत्तर येईलच असं नाही, म्हणून आधी उचला, मग विचारा. वहीसाठी मुलीची परवानगी स्पष्ट घ्या, ती तिच्या घराची गोष्ट आहे.

नेकारकाठ
शनिवार, दुपार. उचललं. श्टालिंगची दोन, १२५, १२१, ३०५ चं एक, पत्रकांचा गठ्ठा आणि पाकिटांसकट पत्रं. ७८ नाही मावलं. बेल्झरची उरलेली नऊ शेजारच्या निवृत्त शिक्षकांनी नेली, म्हणजे रद्दीत गेली नाहीत. वहीबद्दल मुलीला विचारलं तर ती बराच वेळ गप्प बसली. तिला वाटलं होतं हिशेबाची वही आहे. अक्षर तिच्या आजोबांचं निघालं. वही तिने स्वतःकडे ठेवली, पण आधी मला सगळ्या पानांचे फोटो काढू दिले आणि म्हणाली, काय लिहिलंय ते मला सांग. पहिल्या पानाचा फोटो लावतोय, तिने हो म्हटलंय. कुणाला लागतं का?

वाशीकर
ट्रान्सक्रिबुस वापरून बघा. जुनं हस्ताक्षर संगणकाकडून वाचून घेता येतं.

रेवा_फ्रायबुर्ग
ते करा, पण आधी डोळ्यांनी थोडं वाचा, म्हणजे यंत्र कुठे चुकतं ते कळेल. पहिली ओळ लागली: २ ऑगस्ट १९१४, लुडविग्सबुर्ग. सैन्य-जमवाजमवीचा पहिला दिवस. १२१ तिथलीच, पण त्या गावात घोडदळ आणि तोफखानाही होता, म्हणून तुमच्याकडच्या १२१ शी लगेच जोडू नका. दुसऱ्या ओळीत फोटो हललाय. मुलीला विचारून परत काढा, उजेड एका बाजूने घ्या, फ्लॅश नको.

नेकारकाठ
आत्ता खाली जातो. दहा मिनिटांत लावतो.