मदत हवी आहे: लाईट गेल्यावर यूपीएसचा अलार्म मोबाईलवर यावा यासाठी काय करावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हर रूममध्ये 5 केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस आहे, 16 बॅटऱ्यांचा. त्यात एसएनएमपी कार्ड आहे, म्हणजे नेटवर्कवरून यूपीएसची स्थिती सांगणारं कार्ड. रात्री लाईट जाऊन यूपीएस बॅटरीवर आला, किंवा बॅटरी उतरत आली, की मला आणि मॅनेजरसाहेबांना लगेच कळायला हवं. बॅटरी संपून सर्व्हर धाडकन बंद पडला तर डेटाबेसचं काय होईल याची धास्ती असते. आमचे खातेदार बहुतेक शेतकरी आणि भाजीवाले आहेत. बी-बियाण्याला पैसे काढायला आलेल्या माणसाला 'सिस्टीम बंद आहे' सांगून परत पाठवणं मला अजिबात पटत नाही.

कार्डाला फिक्स आयपी दिलाय. वेब पेजवर इनपुट व्होल्टेज, लोड, बॅटरीचे टक्के सगळं दिसतं. पण टेस्ट मेल जातच नाही. जीमेल, पोर्ट 587, नेहमीचा पासवर्ड, आणि उत्तर येतं 'ऑथेंटिकेशन फेल'. एसएमएसची चौकशी केली तर गेटवेवाले डीएलटी (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांसाठीची) नोंदणी आणि मंजूर टेम्प्लेट मागतात, दोन माणसांच्या अलार्मसाठी तो फारच मोठा खटाटोप आहे.

एक रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) पडून आहे. त्यावर झॅबिक्स (यंत्रांवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकून भागेल का? आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाईट क्षणभर जाते नि येते. दर वेळी मेसेज आला तर चार दिवसांत कोणी बघणार नाही. यावर उपाय?

पाटीपेन्सिल:
जीमेलला नेहमीचा पासवर्ड आता चालत नाही. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, मग 16 अक्षरी ॲप पासवर्ड मिळेल, तो कार्डात भरा. तरीही अडलं तर कार्डाचं फर्मवेअर जुनं असणार. जुन्या कार्डांना टीएलएसच्या (मेल कूटबद्ध करून पाठवण्याच्या पद्धतीच्या) नव्या आवृत्त्या कळत नाहीत. मग पायवर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर टाका: कार्ड पायला साधा मेल देईल, पाय तो सुरक्षितपणे पुढे पाठवेल. फक्त कार्डाच्याच आयपीवरून मेल घ्यायचा असं नक्की बांधून ठेवा.

वायरमन_सांगली:
मेलचं नंतर बघू. आधी सांगा, स्विच, राउटर आणि फायबरचा डबा कुठल्या सॉकेटला आहेत?

धागाकर्ता:
आत्ताच पाहून आलो. सर्व्हर आणि स्विच यूपीएसवर आहेत. राउटर आणि फायबरचा डबा बाहेरच्या हॉलमध्ये, भिंतीवरच्या साध्या सॉकेटला. वायरिंग करणाऱ्याने तसंच दिलंय.

वायरमन_सांगली:
म्हणजे लाईट गेली की इंटरनेटही गेलं. मेल कितीही नीट बसवला तरी नेमक्या वेळी तो इमारतीबाहेर पडणार नाही. ते दोन्ही डबे आजच यूपीएसच्या लाईनवर घ्या, त्यांचा लोड नगण्य असतो. पायही त्याच लाईनवर. तरी कंपनीचं रस्त्यावरचं यंत्र बंद पडलं तर फायबर मरतंच, म्हणून पायला एक 4जी डोंगल जोडा.

झॅबिक्स चालेल. फक्त ट्रॅपवर, म्हणजे कार्ड स्वतःहून पाठवतं त्या सूचनेवर, राहू नका. ट्रॅप यूडीपी पोर्ट 162 वरून येतो, त्याची पोच नसते, हरवला तर हरवला. झॅबिक्सने 161 वरून दर अर्ध्या मिनिटाला स्वतः विचारावं. कार्ड प्रमाणित यूपीएस-एमआयबी (यूपीएसच्या माहितीची ठरलेली क्रमांकयादी) पाळत असेल तर 1.3.6.1.2.1.33.1.4.1.0 हा क्रमांक विचारा: 3 आलं तर सगळं ठीक, 5 आलं तर बॅटरीवर. दोन मिनिटं सलग 5 राहिलं तरच मेसेज, म्हणजे क्षणभराची ये-जा गाळली जाईल. मेसेजला टेलिग्राम बॉट पुरे. 'पब्लिक' ही कम्युनिटी (एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द) मात्र आधी बदला, जमत असेल तर एसएनएमपीची जास्त सुरक्षित आवृत्ती व्ही3च वापरा.

सर्वांत महत्त्वाचं: पायच बंद पडला तर अलार्म कोण देणार? पायने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला 'मी आहे' कळवायचं, आणि ते थांबलं की त्या सर्व्हरने तुम्हाला हाक मारायची. हेल्थचेक्स.आयओ नेमकं हेच काम करतं.

पाटीपेन्सिल:
वॉचमन असतो ना रात्री? यूपीएसला ड्राय कॉन्टॅक्ट (अलार्मच्या वेळी स्विचसारखा जुळणारा संपर्क) असेल तर त्याच्या केबिनमध्ये 12 व्होल्टचा हूटर लावा, वेगळ्या छोट्या बॅटरीवर. त्याला नेटवर्क लागतच नाही. रात्री दोन वाजता टेलिग्रामच्या टुंगने कोण उठतं?

धागाकर्ता:
मनापासून आभार. डबे हलवायला इलेक्ट्रिशियनला सांगितलंय, हूटरचंही बोलतो. रविवारी मॅनेजरसाहेबांना सांगून मेनचा एमसीबी पाडून बघणार आहे.

आता एकच राहिलं. पायवर नट (एनयूटी, यूपीएस सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवून बॅटरी संपण्याआधी सर्व्हर आपोआप बंद करायचाय. कार्ड उरलेली मिनिटं दाखवतं, पण बॅटऱ्या जुन्या आहेत. तो आकडा कितपत धरायचा?

वायरमन_सांगली:
अजिबात धरू नका. जुनी बॅटरी वीस मिनिटं दाखवते आणि पाचव्या मिनिटाला बसते. रविवारी एमसीबी पाडाल तेव्हा आधी बॅकअप घ्या, सर्व्हर बंद करा, तेवढाच लोड दुसऱ्या कशाने तरी द्या आणि घड्याळ लावून बघा. जितकी मिनिटं मिळतील त्याच्या निम्म्यावर शटडाऊन लावा. एखादी बॅटरी इतरांपेक्षा फार लवकर उतरताना दिसली तर व्होल्टेज लिहून इथे टाका, बघू.