मदत हवी आहे: हिस्टॉरिक अन् हिस्टॉरिकल, दोन्ही 'ऐतिहासिक'च ना?

नमस्कार मंडळी, इंग्रजीवाल्यांनी जरा सांगा. पोरगी आठवीत आहे, शाळेत नागपूरवर इंग्रजीत दहा ओळी लिहायच्या होत्या, तिनं लिहिलं की १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली ती 'हिस्टॉरिकल' घटना. मॅडमनी शेवटच्या ए-एलवर लाल गोल केला. खाली अजब बंगल्यातल्या (म्हणजे नागपूरच्या म्युझियममधल्या) जुन्या नाण्यांना तिनं 'हिस्टॉरिक' लिहिलं होतं, तिथं उलट ए-एल जोडून दिलं! आता ती मला विचारून राहिली, बाबा, एकीकडे काढलं अन् एकीकडे जोडलं, असं काहून? डिक्शनरीत दोन्हीकडे 'ऐतिहासिक'च आहे, म्हणून मी सांगून टाकलं की सारखंच असते. पण माझे आजोबा त्या दिवशी पांढरे कपडे घालून त्या गर्दीत उभे होते, त्या दिवसासाठी तरी शब्द नेमका पाहिजे.

उत्तर: दादा, मॅडमचं बरोबर आहे. हिस्टॉरिकल म्हणजे नुसतं मागच्या काळातलं, मग ते मोठं असो की लहान. हिस्टॉरिक म्हणजे ज्यानं इतिहास घडवला. 'हिस्टॉरिकल घटना' लिहिलं तर व्याकरणात चुकत नाही, पण अर्थ 'पूर्वी घडून गेलेली घटना' एवढाच निघतो अन् लाखोंचं आयुष्य बदललं ते त्यात येतच नाही. घोळ आपल्या मराठीमुळे होतो, आपण ऐतिहासिक निर्णय म्हणतो अन् ऐतिहासिक कादंबरीही म्हणतो. निर्णय हिस्टॉरिक, कादंबरी मात्र हिस्टॉरिकल, कारण ती जुन्या काळावर लिहिलेली असते, तिनं स्वतः काही घडवलेलं नसते. मी ट्युशनमध्ये पोरांना सांगते, त्या जागी 'इतिहास घडवणारा' टाकून वाचा, बसला तर ए-एल नको. तुमची नाणी जुन्या काळची म्हणून हिस्टॉरिकल. आज सकाळी झालेली गोष्टही हिस्टॉरिक असू शकते, हिस्टॉरिकल व्हायला तिला जुनं व्हावं लागते.

धागाकर्ता: ताई, खूप आभार, आत्ताच पोरीला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, मग सीताबर्डीचा किल्ला? १८१७ मध्ये भोसले अन् इंग्रजांची लढाई तिथंच झाली ना.

उत्तर: लढाई हिस्टॉरिक, त्या लढाईनं नागपूरचं राज्य इंग्रजांच्या मुठीत गेलं. किल्ल्यालाही हिस्टॉरिकच म्हणतात. पण त्या काळचा किल्ल्याचा नकाशा हाती लागला तर तो हिस्टॉरिकल.