पाइपवर अडकलेला रीड आणि कंट्रोल-सी
एकाने सुचवलंय की सिग्विनसारखा, म्हणजे युनिक्सचे प्रोग्राम विंडोजवर चालवणारा लेयर लिहिताना रीड पाइपवर (दोन प्रोग्राममधली डेटाची नळी) अडकला आणि कंट्रोल-सी दाबूनही सुटला नाही तर टाइमआउट लावा. टाइमआउट नको, दुखणं वेगळंय. युनिक्समध्ये सिग्नल (कंट्रोल-सी दाबल्यावर प्रोग्रामला जाणारा इशारा) आला की कर्नलच रीडला उठवून ईआयएनटीआर, म्हणजे 'मध्येच थांबवलं' हा एरर देतो, विंडोज कर्नलला युनिक्सचे सिग्नल माहीतच नाहीत, मग विंडोजचा वाचायचा कॉल, साधा रीडफाइल, डेटा येईपर्यंत बसून राहतो. निनावी पाइपला ओव्हरलॅप्ड आयओ (काम सुरू करून न अडकता पुढे जायची पद्धत) चालत नाही म्हणून नेम्ड पाइप घ्या, रीड ओव्हरलॅप्ड सोडा आणि वेटफॉरमल्टिपलऑब्जेक्ट्सला (एकाच वेळी अनेक गोष्टींची वाट बघणारा कॉल) दोन इव्हेंट द्या, एक आयओचा, एक सिग्नलचा. सिग्नल आधी आला तर कॅन्सलआयओने रीड रद्द करा, पण लगेच ईआयएनटीआर देऊन मोकळे होऊ नका!! रीडचा शेवटचा निकाल सांगणाऱ्या गेटओव्हरलॅप्डरिझल्टला थांबून बघाच, रद्द होता होता चार बाइट आलेले असू शकतात, ते वरच्या प्रोग्रामला दिले नाहीत तर कायमचे गेले.